कोअर आय७-१४७००के : वेग भरपूर, पण व्होल्टेजला लगाम हवाच

इंटेलचा कोअर आय७-१४७००के हा प्रोसेसर व्हिडिओ संपादनासाठी आजही उत्तम आहे. मात्र तो खोक्यातून काढून बोर्डावर बसवला आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काहीही न बदलता कामाला लावला, तर तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेतो, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त तापतो, आणि त्या उष्णतेचा दोष बहुतेक जण कूलरला देऊन मोकळे होतात. मग महागडा लिक्विड कूलर येतो, कॅबिनेट बदलले जाते, पंखे वाढतात आणि तरीही पूर्ण भाराखाली आकडा शंभरच्या आसपासच राहतो. म्हणूनच या परीक्षणात वेगापेक्षा व्होल्टेज आणि उष्णता यांच्या व्यवस्थापनाला अधिक जागा दिली आहे. हे सारे अनुभव नागपुरातील आहेत, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि वातानुकूलन नसलेली खोली दुपारी ३६ अंशांच्या खाली येत नाही.

हाच प्रोसेसर निवडण्यामागे एक नेमके कारण होते. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे १०-बिट, ४:२:२ एचईव्हीसी या रंगांचा अधिक तपशील टिकवणाऱ्या पण उलगडायला जड स्वरूपात चित्रीकरण करतात आणि लग्नसमारंभाचे किंवा माहितीपटाचे असे तासन् तास लांबीचे फुटेज टाइमलाइनवर मागेपुढे करताना चांगले संगणकही अडखळतात. इंटेलच्या अंतर्गत यूएचडी ७७० ग्राफिक्समधील क्विक सिंक ही व्हिडिओ-यंत्रणा हे स्वरूप हार्डवेअरच्या पातळीवर उलगडते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेतील कार्डांना ते जमत नाही. त्यामुळे ‘केएफ’ नको, ‘के’ हवा, कारण केएफ प्रकारात हे अंतर्गत ग्राफिक्सच बंद केलेले असते. बाकी तपशील थोडक्यात सांगायचा तर ८ परफॉर्मन्स कोअर, १२ एफिशियन्सी कोअर, २८ थ्रेड, ३३ एमबी एल३ कॅश आणि ५.६ गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या १४व्या पिढीत नवे असे फार थोडे होते, पण १३७००के पेक्षा ४ एफिशियन्सी कोअर जास्त मिळाल्याने त्या पिढीतला खरा लाभ याच प्रोसेसरला झाला, असे माझे मत आहे.

सोबत झेड७९० चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम, थर्मलराइटचा फँटम स्पिरिट १२० एसई हा दोन मनोऱ्यांचा एअर कूलर आणि समोर जाळी असलेले कॅबिनेट अशी जुळणी आहे. बोर्डाच्या कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे जी तक्रार मांडणार आहे ती त्या काळात बाजारात असलेल्या अनेक बोर्डांना सारखीच लागू होती.

तक्रार अशी. इंटेलच्या तपशीलपत्रकात या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १२५ वॅट आणि कमाल मर्यादा २५३ वॅट दिलेली आहे. माझ्या बोर्डाच्या मूळ बायोसमध्ये मात्र दोन्ही मर्यादांच्या जागी ४०९६ वॅट असा आकडा होता, म्हणजे व्यवहारात कोणतीही मर्यादा नव्हती. खोलीत सुमारे २७ अंश तापमान असताना सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून गुण देणारी चाचणी सुरू केली, तेव्हा एचडब्ल्यूइन्फो या निरीक्षण-सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरची वीज ३०० वॅटच्या आसपास गेली, काही सेकंदांतच परफॉर्मन्स कोअर १०० अंशांना टेकले आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या रकान्यात लाल अक्षरांत ‘येस’ उमटले. १०० अंश ही या प्रोसेसरची ठरवून दिलेली कमाल मर्यादा आहे. तिथे पोहोचल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे लगेच काही जळत नाही. परंतु ज्या तापमानाला संरक्षणयंत्रणा जागी होते, त्याच तापमानावर रोज तासन् तास काम करणे मला मान्य नव्हते.

इथे कूलरला दोष देणे अन्यायाचे ठरेल. या प्रोसेसरची सिलिकॉन चकती सुमारे २५७ चौरस मिलिमीटरची, म्हणजे साधारण अंगठ्याच्या नखाएवढी असते आणि तिच्यातही बहुतांश उष्णता ज्या परफॉर्मन्स कोअरमधून निघते, त्यांनी व्यापलेली जागा आणखी लहान. इतक्या लहान जागेतून ३०० वॅट उष्णता बाहेर काढताना अडथळा पंख्यात किंवा रेडिएटरमध्ये नसून चकती, झाकण आणि कूलरचा तळ यांच्यामधील थरांमध्ये असतो. म्हणूनच एअर कूलरच्या जागी ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर लावून काही अंशांचा फरक पडतो, पण प्रश्न सुटत नाही. उष्णता निर्माणच कमी होईल, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

ती कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग व्होल्टेज हाच आहे. प्रोसेसरची गतिमान वीज ही वारंवारतेच्या सरळ प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पूर्ण भाराखाली १.३० व्होल्टऐवजी १.२० व्होल्टवर तोच वेग मिळाला, तर हिशेब असा होतो : १.३० चा वर्ग १.६९, १.२० चा वर्ग १.४४, म्हणजे वेगात काहीही न गमावता सुमारे १५ टक्के वीज वाचली. गळतीप्रवाहही व्होल्टेज आणि तापमानाबरोबर घटत असल्याने प्रत्यक्षातला फायदा त्याहून थोडा अधिकच असतो.

आता प्रश्न उरतो, मुळात हे जादा व्होल्टेज येते कुठून? बायोसमध्ये व्होल्टेजचा आकडा कोणी वाढवून ठेवलेला नसतो. तो ‘ऑटो’वरच असतो. खरी मेख लोड लाइनमध्ये आहे. प्रोसेसर आपल्याला हवे असलेले व्होल्टेज बोर्डावरील पुरवठा-यंत्रणेकडे मागतो. पण त्या यंत्रणेपासून सॉकेटपर्यंत येताना, प्रवाह जितका जास्त तितकी व्होल्टेजमध्ये घट होणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो अपेक्षित घट आधीच जोडून मागणी करतो. ही घट किती धरायची, हे एसी लोड लाइन नावाच्या आकड्यावरून ठरते. इंटेलने ठरवलेली तिची कमाल किंमत १.१ मिलिओहम आहे आणि माझ्या बोर्डावर ‘ऑटो’चा अर्थ नेमका तोच होता. भार २०० अँपिअरचा असेल, तर प्रोसेसर ०.२२ व्होल्ट जास्तीचे मागणार. बोर्डाच्या लोड लाइन कॅलिब्रेशनची, म्हणजे ही घट कमी करणाऱ्या सेटिंगची, पातळी अशी असेल की प्रत्यक्ष घट फक्त ०.५ मिलिओहमच्या हिशेबाने होते, तर वाटेत ०.१० व्होल्टच गळतात आणि उरलेले ०.१२ व्होल्ट विनाकारण प्रोसेसरच्या माथी बसतात. अनेकांच्या संगणकातील ‘न समजणारी’ उष्णता ती हीच.

त्यामुळे मी सर्वप्रथम हा मेळ जुळवला. लोड लाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर ठेवले, एसी लोड लाइन टप्प्याटप्प्याने ०.५ मिलिओहमपर्यंत आणली आणि डीसी लोड लाइन त्या पातळीच्या प्रत्यक्ष किमतीशी जुळवून घेतली. डीसी लोड लाइनचा व्होल्टेजशी थेट संबंध नसतो. प्रोसेसर स्वतःची वीज किती मोजतो, ते तिच्यावर अवलंबून असते. ती चुकीची असेल तर पडद्यावरचा वॅटचा आकडा खोटा ठरतो, वीजमर्यादाही चुकीच्या ठिकाणी लागू होते आणि ‘माझा प्रोसेसर फक्त दीडशे वॅट घेतो’ असे समाधान मानणाऱ्याच्या यंत्रात प्रत्यक्षात बरेच जास्त वॅट खर्च होत असतात. पडताळणीसाठी भाराखाली एचडब्ल्यूइन्फोतील व्हीआयडी (प्रोसेसरने मागितलेले व्होल्टेज) आणि व्हीकोअर (कोअरला प्रत्यक्ष मिळालेले व्होल्टेज) हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ते जवळपास सारखे आले, तर वीजमापनावर विश्वास ठेवता येतो.

एसी लोड लाइन आणखी खाली नेण्याचा मोह होतो, कारण तापमान घसरत जाते. परंतु इथे एक सापळा आहे. इंटेलच्या या पिढीत करंट एक्सकर्शन प्रोटेक्शन, म्हणजे सीईपी नावाचे संरक्षण असते. मिळणारे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसले, की ते प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके आतल्या आत ताणते, म्हणजे काम मंदावते. माझ्या बोर्डावर एसी लोड लाइन ०.२ मिलिओहमवर नेल्यावर सर्व परफॉर्मन्स कोअर ५.५ गिगाहर्ट्झ दाखवत होते, तापमान देखणे होते, संगणक एकदाही अडकला नाही, पण सिनेबेंचचे गुण चांगलेच घसरले. केवळ तापमान आणि वेगाचे आकडे पाहणाऱ्याला हे कळणारच नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर एखादे मोजता येणारे काम करून घ्यावे आणि वेळ ताडून पाहावा. झेड चिपसेटच्या अनेक बोर्डांवर सीईपी बंद करण्याची सोय असते, पण संरक्षण बंद करून मिळवलेले चार अंश मला नकोत. ०.५ वर थांबलो, आणि पूर्ण भारावरचे व्होल्टेज १.३० च्या आसपासून १.२० च्या जवळ आले.

यानंतर वीजमर्यादा. पीएल१ (मूळ मर्यादा) आणि पीएल२ (कमाल मर्यादा) दोन्ही २५३ वॅटवर आणल्यावर २७ अंशांच्या खोलीत तापमान नव्वदीच्या वरच्या टप्प्यावर राहिले आणि गुणांमध्ये नाव घेण्याजोगी घट झाली नाही. शेवटचे ४०-५० वॅट जवळजवळ वायाच जात होते. दोन्ही मर्यादा १८० वॅटवर नेल्या, तेव्हा मूळ कामगिरीच्या ९० टक्क्यांहून अधिक कामगिरी कायम राहिली आणि तापमान ८० अंशांच्या आत आले. १२५ वॅटवर साधारण चार-पंचमांश वेग मिळतो आणि पंख्यांचा आवाज जवळपास ऐकू येत नाही. मी हिवाळ्यात १८० आणि उन्हाळ्यात १५० वॅट ठेवतो. एक्स्पोर्टला काही मिनिटे जास्त लागतात, परंतु रात्रभर चालणाऱ्या रेंडरमध्ये तो फरक कोणाला जाणवतही नाही. खेळांच्या बाबतीत ही मर्यादा बहुतेक वेळा आड येतच नाही, कारण तिथे हा प्रोसेसर साधारण शंभर-सव्वाशे वॅटमध्येच भागवतो. वीजमर्यादेचा आणखी एक लाभ आपल्याकडे मोलाचा आहे. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही पूर्ण जोमाने चालत असताना ६६० वॅटचा यूपीएस पूर्वी काठावर येऊन सतत ओरडत असे. आता वीज गेली तरी काम जतन करून संगणक बंद करण्याइतका अवधी निवांत मिळतो.

कोणी विचारेल, की थोडे जादा व्होल्टेज आणि थोडी जादा उष्णता सोसली तर बिघडले कुठे? त्याचे उत्तर या प्रोसेसरच्या पिढीनेच दिले आहे. १३व्या आणि १४व्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसर वर्ष-दीड वर्षातच अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी २०२४ च्या सुरुवातीपासून जगभरातून वाढत गेल्या. खेळ सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी पुरेशी नाही’ असा संदेश येऊन तो बंद पडणे, हे त्यातले ठळक लक्षण होते आणि त्यामुळे बिचारी ग्राफिक्स कार्डेच आधी संशयात सापडली. अखेर इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले, की मायक्रोकोडमधील, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीतील, चुकीमुळे प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये या दोषाला ‘व्हीमिन शिफ्ट अस्थिरता’ असे नाव देऊन कंपनीने खुलासा केला, की जादा व्होल्टेज आणि तापमान यांच्या माऱ्याने कोअरमधील घड्याळाच्या जाळ्याचा एक सर्किट-भाग अकाली झिजतो. त्यासाठी दिलेल्या चार कारणांपैकी एक कारण इंटेलच्या शिफारशींपलीकडे जाणाऱ्या मदरबोर्डांच्या वीजपुरवठ्याच्या सेटिंग्ज हेच होते. त्यावर ऑगस्ट २०२४ मधील ०एक्स१२९ या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टवरील मागणीला आळा घातला, आणि त्यानंतरच्या ०एक्स१२बी ने संगणक निवांत असताना किंवा हलक्या कामात होणारी जादा मागणीही रोखली. जे प्रोसेसर आधीच झिजले, ते मात्र कोणत्याही मायक्रोकोडने दुरुस्त होत नाहीत.

यातली हलक्या कामाची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पूर्ण भाराखाली तापमान जास्त असते, पण व्होल्टेज उलट कमी असते. सर्वोच्च व्होल्टेज तेव्हा दिसते, जेव्हा ब्राउझरमध्ये एखादे पान उघडताना दोनच कोअर ५.६ गिगाहर्ट्झवर उडी घेतात. त्या क्षणी तापमान पन्नाशीत असते आणि सारे कसे आलबेल वाटते. म्हणून व्हीकोअरचा केवळ चालू आकडा न पाहता ‘कमाल’चा रकाना दिवसभराच्या वापरानंतर तपासावा. बायोसमध्ये आयए व्हीआर व्होल्टेज लिमिट नावाची सेटिंग असते, ती १४०० मिलिव्होल्टवर ठेवली, की प्रोसेसर १.४० व्होल्टच्या वर काही मागूच शकत नाही. माझ्या वापरात त्यामुळे वेगात काहीही फरक जाणवला नाही. एवढी एकच सेटिंग करायची तयारी असेल, तर नवा बायोस टाकून ही एक जरूर करावी.

ऑफसेट पद्धतीने, म्हणजे मागणीतून ठरावीक व्होल्टेज सरसकट वजा करून, ते आणखी खाली आणता येते, पण तिथे संयम हवा. प्रत्येक चिप वेगळी असते. दुसऱ्याच्या यंत्रावर स्थिर ठरलेला ऑफसेट आपल्याकडे चालेलच, याची खात्री नाही. शिवाय ऑफसेट सर्व वेगांना लागू होतो, त्यामुळे प्राइम९५ या भारचाचणीत तासभर तग धरणारा संगणक काहीही काम नसताना अचानक गोठू शकतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये अगदी तळाशी विंडोजच्या हार्डवेअर त्रुटींची, म्हणजे ‘व्हिया’ त्रुटींची गणना असते. ती शून्याच्या पुढे गेली, तर संगणक बंद पडला नसला तरी ऑफसेट जास्त झाला आहे, असे समजून एक पाऊल मागे यावे. ग्राहकाचे फुटेज ज्याच्या यंत्रावर असते, त्याने ३० मिलिव्होल्टच्या हव्यासापायी फाइल खराब होण्याचा धोका पत्करू नये. आणखी एक सूचना : नवा बायोस टाकला की या साऱ्या सेटिंग्ज पुसल्या जातात, तेव्हा त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

कूलरबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. फँटम स्पिरिट १२० एसईमध्ये ७ उष्णतानळ्या आणि १२० मिलिमीटरचे दोन पंखे आहेत. उंची १५४ मिलिमीटर असल्याने तो मध्यम आकाराच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये मावतो, आणि त्याच्याहून कितीतरी महाग कूलरच्या तोडीचे काम करतो. व्होल्टेज आटोक्यात असेल, तर १४७००के साठी लिक्विड कूलरची गरज नाही, असे मी ठामपणे म्हणेन. बसवताना दोन गोष्टी पाहाव्यात. एलजीए १७०० सॉकेटची पकड प्रोसेसरला लांबट बाजूंच्या मध्यावर दाबते, त्यामुळे झाकण किंचित खोलगट होऊन कूलरच्या तळाशी त्याचा पूर्ण संपर्क येत नाही. त्या पकडीच्या जागी कॉन्टॅक्ट फ्रेम लावल्यास काही अंश सहज कमी होतात; मात्र इंटेलला हा बदल मान्य नाही आणि त्याचा वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, हे जाणून मगच ठरवावे. मी मूळ पकडच ठेवली आहे. दुसरे म्हणजे, रॅम उंच असेल तर पुढचा पंखा थोडा वर सरकवावा लागतो, तेव्हा कॅबिनेटमध्ये त्यासाठी वर एखादा इंच जागा आहे ना, ते आधी मोजावे.

उन्हाळ्याचा हिशेब सरळ आहे. खोलीचे तापमान जितके अंश वाढते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरचेही वाढते. २७ अंशांच्या खोलीत ७८ अंशांवर राहणारे यंत्र ३६ अंशांच्या खोलीत ८७ वर जाणार, आणि कोणताही कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. विदर्भात घरोघरी डेझर्ट कूलर असतो. त्याने खोली थंड होते, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. ती हवा दमट असते, आणि ओलाव्यासोबत बसलेली धूळ जाळीवर आणि हीटसिंकच्या पात्यांवर चिकटून घट्ट होते, ती नुसत्या ब्लोअरने निघत नाही. एप्रिल ते जूनमध्ये पुढची जाळी दर पंधरवड्याला झाडली, तर कॅबिनेटमधील हवेचा प्रवाह टिकून राहतो.

ज्यांना ४:२:२ फुटेजशी काही देणेघेणे नाही आणि बायोसमध्ये शिरायचेही नाही, त्यांच्यासाठी एएमडीचा ६५ वॅटचा रायझेन ७ ९७००एक्स अधिक योग्य आहे. तो मूळ सेटिंगवरच ८८ वॅटच्या आत राहतो आणि एएम५ सॉकेटवर पुढील पिढीचा प्रोसेसर बसवण्याची वाटही खुली असते. एलजीए १७०० ची वाट १४व्या पिढीवर संपली. संपादनासाठी मात्र मी १४७००के चीच शिफारस करीन, तीही नव्या, खोकाबंद प्रतीची. वापरलेल्या प्रोसेसरने जुन्या बायोसवर किती महिने किती व्होल्टेज सोसले, हे तपासण्याचा कोणताही मार्ग नाही, त्यामुळे तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवून एकूण ५ वर्षांची केली आहे. दावा करताना खोक्यावरील आणि प्रोसेसरच्या झाकणावरील क्रमांक विचारले जातात, आणि झाकणावरचा क्रमांक थर्मल पेस्टखाली जातो. तेव्हा कूलर बसवण्याआधी त्याचा स्पष्ट फोटो काढून तो बिलासोबत जपून ठेवावा.